रणगाड्याची काजळी

पंचवटी, नाशिक
६ सप्टेंबर १९९८

भारत,

खोकं पोचलं. तुझ्या पलटणीतला चांदवडचा शिपाई सुट्टीवर येताना देऊन गेला. चहा ठेवते म्हटलं तर थांबला नाही, बायकोकडे पळायची घाई. खोक्यात एवढा भुसा कोंबलास की दोनदा घर झाडलं.

गाडा बघितला. लाकूड, तुपाच्या डब्याचा पत्रा आणि सायकलची चेन, पण काम चांगलं केलंस. वरचं डोकं गरागरा फिरतं, त्याबरोबर तोफेची नळी फिरते. पुढे ड्रायव्हर बसतो तिथलं झाकण नखाने उचललं जातं. आतून पोकळ आहे तेही बघितलं. पण रंगवायला मला का पाठवलास? नुकता सीझन संपलाय. कारखान्यात सातशे गणपतींचे डोळे आखले, अजून मान वळत नाही. मी देवाला पीतांबर नेसवणारी बाई, मला लढाईतलं काय कळतं? चौथीपर्यंत शिकले. तुझी चिठ्ठी वाचायलाच अर्धा तास गेला. तेव्हा सरळ लिही. रंग कोणता, कुठे, किती.

ठमाबाईंसाठी आहे एवढं कळलं. त्या गेल्या महिन्यात वणीहून भाजीच्या गाडीत बसून आल्या होत्या. तेच बोलणं. "माझा सहादू ज्याच्यात जळाला तो गाडा कसा असतो ते मला कोणी दावत नाय. पेटी आली ती बंद. तोंड नाय बघितलं. गाडा तरी दावा." तू तेराव्याला त्यांना शब्द दिलास, गाडा बनवून दाखवतो म्हणून. दिलास तर पाळ. येत्या सतरा नोव्हेंबरला वर्षश्राद्ध आहे, त्याच्या आत झालं पाहिजे.

आणि गावात लोक अजून बोलतात. सहादू झाकण लावून आत बिडी ओढत बसला, डोळा लागला, स्वतःच्या काडीने मेला. तुमच्या साहेबांच्या कागदात तेच लिहिलंय म्हणे. ठमाबाई म्हणतात, त्याने जन्मात बिडी धरली नाही. त्यांना पोराच्या मरणापेक्षा हे बोलणं जड झालंय. गाड्यात तुम्ही दोघंच होता, तू तोफेवर आणि तो खाली ड्रायव्हर. तुला माहीत काय ते. मी काय बोलणार.

आक्का

*

राजस्थान
२० सप्टेंबर १९९८

आक्का,

तुझ्या शिव्या वाचल्या, बरं वाटलं. इथे ऊन अजून भाजतं.

रंग सांगतो. आधी सगळीकडे मिलिटरी हिरवा. चमक नको. तुझ्या हाताला वॉर्निशची सवय आहे, ती आवर. हिरवा वाळला की गाडा घाण करायचा. हे तुला जमायला जड जाईल, पण नवा गाडा ठमाबाईंना दाखवून उपयोग नाही. आम्ही चढतो-उतरतो त्या कडांवर रंग घासून पत्रा दिसतो, तसा दिसू दे. चेनमध्ये वाळू भर. मागे धुराड्याखाली गंज. बाजूच्या पत्र्यावर डिझेलचे ओघळ, ते तेलकट दिसले पाहिजेत.

आता जळाल्याचं. ड्रायव्हरच्या झाकणाच्या चारी कडांना रंग फुगून सोललेला, खालचा पत्रा निळसर. नळीचं पोट, म्हणजे खालची बाजू, या छोट्या गाड्याच्या मापाने बुडापासून चार बोटं सोडून पुढे वीतभर एकदम काळी. डांबरासारखी नाही, काजळासारखी, बोट लावलं तर बोटाला येणारी. नळीची वरची बाजू साफ. बाकी कुठे काळं नाही. मला हे नीट आठवतं, तू तंतोतंत तसं कर.

नळी उजवीकडे वळवून ठेव. तशीच होती.

सहादूला मीच शिकवला होता. तो गाडा चालवायचा तेव्हा वरती माझ्या हातातला चहा सांडत नसे. ठमाबाईंना हे सांग.

भारत

*

पंचवटी, नाशिक
४ ऑक्टोबर १९९८

भारत,

सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "असा हात असलेला पोरगा काडी कुठं टाकायची ते इसरतो व्हय?"

तुझ्या गाड्यापायी महिना गेला. हिरवा रंग कादरभाईकडून आणला. तोच रे, द्वारका चौकात ट्रकच्या केबिनी रंगवतो तो. मी घरी येऊन दोन हात दिले आणि सवयीने वरून वॉर्निश मारलं. असा चमकला, जणू मिरवणुकीला निघालाय. मग तुझी चिठ्ठी आठवली. पॉलिश पेपरने सगळं घासलं. खंडेनवमीला ब्रशांची पूजा केली तेव्हा गाड्यालाही कुंकू लावलं, ते पुसायचं राहिलं आणि हिरव्यात बसलं. आता गंज म्हणून तेच चालवून घेतलं. गेरू पाण्यात फेटून धुराड्याखाली सोडला. ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवरून चंदेरी फिरवली, की पत्रा उघडा पडल्यासारखा दिसतो. मूर्तीच्या दागिन्यांना आम्ही अशीच फिरवतो. घाण करायला एवढी मेहनत लागते हे मला या वयात कळलं.

काळं मात्र जमत नाही. तू म्हणालास काजळासारखं, तर मी म्हटलं, मग काजळच धरू. आई धरायची तसं. गाडा दोन विटांवर ठेवला, पोकळ पोटाखाली रॉकेलची चिमणी ठेवली. धूर आतून येऊन झाकणाच्या फटीतून बाहेर पडला, आचेने रंग फुगून चारी कडा तू म्हणतोस तशा झाल्या. पण नळी स्वच्छ. नळी उजवीकडे, झाकण मधे. धूर सरळ वर गेला, नळीकडे फिरकलासुद्धा नाही. तीनदा केलं.

कादरभाई रंगाचा डबा परत न्यायला आला होता, त्याला दाखवलं. तो हसला. "मावशी, नळी तिकडं नि धूर इकडं. धुराला काय पत्ता लिहून दिला होता का?" मग म्हणाला, जळालेले ट्रक तो रोज बघतो, काळं नेहमी आगीच्या डोक्यावर बसतं. तुझी आठवण चुकली असणार. नीट आठवून लिही, काळं नळीच्या पोटाला होतं की दुसरीकडे.

आक्का

*

राजस्थान
१५ ऑक्टोबर १९९८

आक्का,

काळं नळीच्या पोटालाच होतं. वारा होता. वाऱ्याने धूर तिकडे गेला.

चिमणी वगैरे लावू नकोस, लाकूड आहे, पेटेल. ब्रशने काळा रंग लाव आणि संपव. आणि डोकं फिरतं तिथे सरस घालून पक्कं कर. नळी उजवीकडे. हलता कामा नये. ठमाबाई उगाच फिरवत बसतील आणि मोडेल.

कादरला दाखवायची काय गरज होती? तो काय मिलिटरीचा आहे? आता कुणालाही दाखवू नकोस. कपाटात ठेव.

दिवाळीला येणार नाही. माझ्या पोरींना, साधना आणि शुभांगीला, फटाके घेऊन दे. त्यांच्या आईला माझं काही सांगू नकोस.

भारत

*

पंचवटी, नाशिक
२६ ऑक्टोबर १९९८

भारत,

तुझ्या पोरींना फटाके दिले. त्यांच्या आईला काही सांगितलं नाही, सांगायला काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. आता आहे, म्हणून तुलाच लिहिते.

सरस तापवला होता. लावायच्या आधी म्हटलं, वारा म्हणतोस तर वारा घालून बघू. चिमणी लावली, सुपाने वारा घातला. धूर पसरला, गाड्याच्या पाठीवर बसला, माझ्या नाकात गेला. नळीच्या वरच्या बाजूलाही बसला. तू म्हणालास वरची बाजू साफ. पोट काळं नि पाठ साफ, हे वाऱ्याने होत नाही. वारा असं निवडून बसत नाही.

सगळं पुसलं. मग नळी हळूहळू मधे आणली. अगदी झाकणावर आली तेव्हा थांबले आणि चिमणी सरकवली. भारत, दोन मिनिटांत तुझं काळं आलं. बुडापासून चार बोटं सोडून, पुढे वीतभर. वरून साफ. मोजून बघितलं. जसं तू लिहिलंस तसंच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

मग चिमणी काढली आणि झाकण नखाने उचलायला गेले. उचललं जात नाही. नळीला अडतं. दाण्याएवढी फट पडते आणि अडतं. आतून कितीही जोर लावला तरी उघडणार नाही. वरच्या माणसाने डोकं बाजूला फिरवल्याशिवाय खालचा बाहेर येऊ शकत नाही.

वर तू होतास.

मी अडाणी बाई आहे, मला गाड्यातलं कळत नाही. तू लिही की मी चुकले. ही गोष्ट खेळण्यात होते, खऱ्यात होत नाही, असं लिही. मी लगेच सरस लावीन. पण तूच बनवलास हा गाडा, आणि तुझ्या हाताचं माप चुकत नाही, लहानपणापासून बघते.

आणि बिडीचं पण लिही. कुणी सांगितलं ते साहेबांना?

आक्का

*

राजस्थान
३ नोव्हेंबर १९९८

आक्का,

रजा मंजूर झाली. तेरा तारखेला दुपारच्या गाडीने नाशिकरोडला उतरेन. गाडा मी येऊन स्वतः घेईन. तोवर वणीला न्यायचा नाही. ठमाबाई आल्या तरी दाखवायचा नाही. तुला माझी शपथ.

तुझी सगळी पत्रं मी जाळली. माझी तू जाळ. आजच्या आज.

माझी सोळा वर्षं नोकरी झाली आहे. दोन पोरी आहेत. मेलेल्या माणसाला आता काही होत नाही, जिवंत माणसांचं होतं, एवढं तुला कळतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, म्हणून मी तुला अधिक-उणं बोलत नाही. पण तू हे मोजमाप बंद कर.

भारत

*

मनमाड स्टेशन
१३ नोव्हेंबर १९९८

आक्का,

तू नाशिकरोडला उभी असशील. मी मनमाडला उतरलो. तुझ्यापर्यंत एक तास राहिला होता. पुढच्या गाडीने परत जातोय. गाडी यायला वेळ आहे, म्हणून बाकड्यावर बसून लिहितो.

मी तुझ्या हातातून गाडा घ्यायला निघालो होतो. घेऊन काय करणार होतो ते लिहीत नाही. इगतपुरीच्या पुढे दऱ्या आहेत, गाडीच्या दारातून काहीही टाकता येतं, एवढंच डोक्यात होतं. मनमाड आलं तेव्हा वाटलं, गाडा माझ्या हातात द्यायला तू समोर येशील आणि माझ्या तोंडाकडे बघशील. उतरलो.

तू चुकली नाहीस. खऱ्यातही तसंच होतं.

आमचा तिसरा, गाड्याचा कमांडर, हुकूम आणायला दूर गेला होता. मी वर दुर्बीण पुसत होतो. डोकं फिरवून नळी मधे आणली होती, पुसायला सोयीची म्हणून. फिरवण्याआधी ड्रायव्हरला हाक मारायची असते, मी मारली नव्हती. सहादू खाली झाकण लावून वायरींचं काम करत होता. बिडी नव्हती. ठिणगी उडाली, त्याच्या बाजूला डिझेलची टाकी असते. तो ओरडला, "दादा, नळी." एवढंच. मला ऐकू आलं. डोकं फिरवायचं हँडल माझ्या हाताशी होतं. मी वरून उडी मारली.

खाली वाळूत पडलो तेव्हा आतून झाकणावर पाना आपटत होता. ठोके मी मोजले नाहीत. तू विचारशील म्हणून सांगतो.

आग वर माझ्याकडे आलीच नाही. झाकणाखालीच जळली आणि विझली. लोक टेकडीवरून पळत येत होते, पोचायला वेळ होता. मी परत चढलो आणि हँडल फिरवलं. अकरा फेरे. नळी उजवीकडे गेली. साहेब आले तेव्हा झाकण मोकळं होतं, त्यांना तेच दिसलं. मी म्हटलं, साहेब, तो बिडी ओढायचा. आपोआप तोंडातून आलं.

ठमाबाईंसाठी गाडा बनवायला बसलो तेव्हा डोकं एका जागी खिळवून टाकायचं ठरवलं होतं. पण हातांनीच ते फिरतं केलं. आणि काळं कुठे होतं ते मला डोळे मिटले की दिसतं, ते बदलून लिहिता आलं नाही. बाकी सगळं खोटं जमलं.

तू सरस लाव. मी हात जोडतो. लावणार नसशील तर मला कळवू नकोस.

भारत

*

पंचवटी, नाशिक
१९ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

भारत,

तेरा तारखेला मी तीन गाड्या बघितल्या. प्रत्येक गाडीचे सगळे डबे रिकामे होईपर्यंत. हमाल विचारायला लागले, बाई कोण यायचंय. सोळाला तुझं मनमाडचं पाकीट आलं.

कळवू नकोस म्हणालास. कळवते.

सरस लावला नाही. सतराला सकाळी गाडा पदरात गुंडाळला आणि वणीच्या बसमध्ये बसले. रस्ताभर वाटत होतं, मांडीवर निखारा आहे. ठमाबाईंच्या अंगणात पंगत बसली होती. सहादूच्या फोटोपुढे त्यांनी पाट मांडला होता, गाड्यासाठी. पाटावर ठेवला. बाया वाकून बघायला लागल्या. एक म्हातारा बोलला, "मोठा गाडा दिसतो. याच्यात बसून बिडी ओढली व्हय." दोघे-तिघे हसले. वाईट मनाने नाही, वर्षभर तेच बोलून सवय झाली आहे.

ठमाबाई हसल्या नाहीत. त्या गाड्यापुढे मांडी घालून बसल्या. बाजरीची कणसं चाचपावीत तशी चाकं चाचपली. कुठे बसायचा विचारलं. मी झाकण दाखवलं. त्यांनी ते उघडलं, आत बोट घातलं, बराच वेळ बोट तसंच ठेवलं. मग मी डोकं फिरवून नळी मधे आणली आणि म्हटलं, आता उघडा.

उघडेना. त्यांनी दोनदा बघितलं. मग नळीच्या खालून बोट फिरवलं, बोट काळं झालं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असं व्हतं का मगाशी व्हतं तसं?"

भारत, त्या वेळी मला तुझ्या दोन्ही पोरी दिसल्या. तुझी बायको दिसली. आई गेली तेव्हा तू माझ्या पदराला धरून दिवसभर फिरायचास, ते दिसलं. खोटं बोलायला एक शब्द पुरत होता, आणि तो तोंडात तयार होता.

मी म्हटलं, असं होतं.

"मग बाजूला कुणी करायचं?"

म्हटलं, माझ्या भावाने.

"किती येळ लागतो?"

म्हटलं, अकरा फेरे.

त्यांनी गाड्याचं डोकं धरलं नाही. हवेतच हात फिरवायला लागल्या, जातं फिरवावं तसा. मोठ्याने मोजत होत्या. एक, दोन, तीन. पंगतीतल्या लोकांनी जेवण थांबवलं. तो म्हातारा घास तसाच धरून बसला. अकरा झाले तेव्हा हात खाली ठेवला आणि म्हणाल्या, "एवढंच?"

मी तुझं पत्र काढून सगळं वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, पण वाचलं. बिडी नव्हती हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा उभी राहून, पंगतीला ऐकू जाईल असं.

नंतर त्यांनी मला वाढलं. मी नको म्हटलं तरी वाढलं. जेवून झाल्यावर म्हणाल्या, कागदातली बिडी काढायची आहे. साहेबांना अर्ज लिहा. त्यांना लिहिता येत नाही. गावातल्या कुणाकडून लिहून घेतला असता, पण म्हणाल्या, "तुमीच लिवा. तुमच्या भावाचं तुमाला ठाव." मी लिहिला. तुझं नाव त्यात चार वेळा आलं. अक्षर वेडंवाकडं आहे पण वाचता येईल. खाली ठमाबाईंचा अंगठा आहे, नळीच्या काजळीचा. शाई सापडली नाही. तुझं मनमाडचं पत्र सोबत जोडलं आहे. तू जाळ म्हणालास ती पत्रंही माझ्याकडे आहेत, सगळी.

गाडा त्यांच्याकडेच राहिला. नळी झाकणावर आहे. कुणी बाजूला करायची नाही असं त्यांनी घरात सांगून ठेवलंय.

अर्ज मी सोमवारी पेटीत टाकणार आहे. हे पत्र आज टाकते. दोन्हींना सारखेच दिवस लागतात, म्हणजे हे तुझ्या हातात आधी पडेल. साहेबांना अर्जातून कळायच्या आधी तू स्वतः त्यांच्यापुढे उभा राहा आणि सांग. सगळं सांग, हाक मारली नव्हतीस तेही. नोकरी जाईल. जेल होईल की काय ते मला माहीत नाही. पोरींना मी इकडे आणून ठेवीन.

मधले चार दिवस मी ठमाबाईंकडे मागितले. त्यांनी विचारलं, "कशाला?" म्हटलं, माझा भाऊ आहे.

त्यांनी अंगठ्याची काजळी पदराला पुसली. मग म्हणाल्या, "घ्या."

आक्का